ताबूत, तारू आणि संदूक

कडेगावात ‘ताबूत’ या शब्दाचा अर्थ कुणी कुणाला सांगत नाही. मोहरमच्या दहाव्या दिवशी तो समोरच उभा असतो, आणि मान पार मागे टाकल्याशिवाय त्याचा कळस दिसत नाही. कऱ्हाडहून विट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. एके काळी हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचं सांगली झालं. जिल्ह्याच्या पाट्या बदलल्या, ताबूत मात्र दीडशे वर्षांहून अधिक काळ त्याच वाटांनी निघत आले. कळक, कामट्या, सूत, खळ आणि रंगीत कागद एवढ्या सामानातून शंभर फुटांहून उंच अष्टकोनी मनोरे उभे राहतात. शेकडो माणसं ते खांद्यावर घेतात आणि चौकात आणून एकमेकांना भेटवतात. वर्तमानपत्रं त्यांना न चुकता ‘गगनचुंबी’ म्हणतात.

या चौकात साराजेव्होचा एखादा माणूस आणून उभा केला, तर त्याला गर्दीतला एकच शब्द कळेल: ताबूत. पण कळूनही तो गोंधळेल. त्याच्या बोस्नियन भाषेतही ‘ताबुत’ आहे. १४६३ साली उस्मानी तुर्कांनी बोस्निया जिंकला, त्यानंतरच्या शतकांत तुर्की, अरबी, फारसी शब्दांचा मोठा लोंढा तिथल्या स्लाव्ह बोलींत शिरला, त्यातच तो आला. अब्दुलाह श्कालिच या अभ्यासकाने अशा उसन्या शब्दांचा कोश केला तेव्हा ते ८,०००च्या वर भरले. त्या भाषेत ताबुत म्हणजे मुसलमानाचं प्रेत ज्यातून दफनाला नेतात ती पेटी. दुसरा अर्थ नाही. म्हणून तो पाहुणा एवढ्या ढोलताशांत कुणाच्या तरी कानाशी लागून विचारेल, आत कोण आहे?

प्रश्न साधा आहे. गावाकडून त्याला उत्तर मिळेल: कोणी नाही.

स्लाव्ह भाषांत पेटीसाठी याहून जुना एक शब्द आहे, कोव्चेग. स्लाव्हांना लिपी मिळाली आणि बायबल त्यांच्या भाषेत येऊ लागलं ते नवव्या शतकात. त्या आरंभीच्या धर्मभाषेत हा शब्द दिसतो. तो मुळात स्लाव्ह नसावा. तुर्की कुळातल्या कुठल्या तरी जुन्या भाषेतून, गवताळ प्रदेशातल्या घोडेस्वारांबरोबर आला असावा, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. मूळ अर्थ पेटी किंवा पेटारा. पुढे मात्र एकेका देशाने या पेटीत आपापला माल भरला. रशियन माणसाला कोव्चेग म्हटलं की नोहाचं तारू आठवतं, महापुरात प्राण्यांच्या जोड्या घेऊन तरंगणारं. मूर्तिचित्रं रंगवणारे रशियन चित्रकार फळीच्या मधोमध कोरलेल्या उथळ खोलगट भागालाही कोव्चेग म्हणतात. संताची प्रतिमा त्या खोलीत वसते. बल्गेरियन आणि सर्बियन भाषांत तारवाचा अर्थ आहेच, पण रोजच्या बोलण्यात कोव्चेग म्हणजे शवपेटी. आणि आल्प्सच्या कुशीतल्या स्लोव्हेनियात हाच शब्द ‘कोव्चेक’ होऊन प्रवासाची बॅग बनला आहे. ल्युब्लियानाच्या स्टेशनवर लोक कोव्चेक ओढत गाडी पकडतात आणि त्यात कुणाला काही अभद्र वाटत नाही.

एकाच शब्दात जीव वाचवणारं जहाज, मढं नेणारी पेटी आणि सुट्टीला निघालेल्या माणसाची बॅग. हे तीन अर्थ एकमेकांना परके वाटतात खरे. पण तिन्हींत प्रवास आहे, आणि प्रवासात जे सांडू नये ते बंद करून नेणं आहे.

ताबूत हा शब्दही याच वाटेने फिरला, मात्र फार आधीपासून. बहुतेक अभ्यासक त्याचं मूळ प्राचीन मिसरात शोधतात. तिथे पेटी, देव्हारा आणि शवपेटी या तिन्हींना जवळपास एकच शब्द होता. तो हिब्रूत ‘तेवा’ झाला. बायबलच्या हिब्रू पाठात तेवा ही संज्ञा दोनच गोष्टींना लावली आहे: नोहाच्या तारवाला, आणि तान्ह्या मोशेला जिच्यात घालून त्याच्या आईने नाईलच्या लव्हाळ्यांत सोडलं त्या टोपलीला. दोन्ही पाण्यावर तरंगणाऱ्या, दोघींनाही वल्हं नाही, सुकाणू नाही. आत जीव आहे आणि बाहेर बुडवणारं पाणी. अरामी भाषेतून हा शब्द अरबीत आला तेव्हा ‘ताबूत’ झाला. कुराणात मूसाच्या आईला आदेश होतो, बाळाला ताबुतात ठेव आणि नदीत सोड. दुसऱ्या ठिकाणी इस्रायलच्या वंशजांची पवित्र पेटी, मराठी बायबल जिला ‘कराराचा कोश’ म्हणतं, तिलाही ताबूतच म्हटलं आहे. म्हणजे ज्या शब्दाने पुढे जगभर माणसं पुरली, त्या शब्दाने आधी एक मूल वाचवलं होतं.

मराठीशी या कुटुंबाचं नातं एकाच दाराने जुळलेलं नाही. कोकणातले बेने इस्रायल मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनाघर बांधलं. आपल्या सिनेगॉगला ते लोक सहज ‘मशीद’ म्हणत. हे घर जुनी मशीद म्हणूनच ओळखलं गेलं. ज्या सेफार्दी रिवाजाने अशा प्रार्थनाघरांत उपासना चालते, त्यात मधोमधच्या उंच चौथऱ्याला, जिथे उभं राहून धर्मग्रंथ वाचतात त्या जागेला, तेवा म्हणतात. ताबुताची सख्खी बहीण अशी मुंबईत मराठी यहुद्यांच्या मशिदीत येऊन राहिली. मोहरमचा ताबूत रस्त्यावरून जात होता आणि तेवा आत उभी होती. दोघांची ओळख पटवून द्यायला मध्ये कुणी नव्हतं.

इथिओपियात ‘ताबोत’ म्हणजे चर्चच्या गाभाऱ्यात ठेवलेली, कराराच्या कोशाची प्रतिकृती मानलेली पवित्र फळी. ती वस्त्रात गुंडाळलेली असते. धर्मगुरूंशिवाय कुणी पाहायची नाही. जानेवारीतल्या तिमकत सणाला ती डोक्यावर घेऊन पाण्याकाठी मिरवतात. १८६८ साली मुंबई इलाख्याचा सेनापती रॉबर्ट नेपियर मुंबईहून फौज आणि हत्ती घेऊन इथिओपियावर चालून गेला. मग्दाला किल्ला पडला, लूट झाली, आणि त्या लुटीतले ११ ताबोत आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. संग्रहालय ते कुणाला दाखवत नाही, अभ्यासकांनाही नाही. इथिओपियन धर्मगुरूंनाच तिथे प्रवेश आहे. पाहायला ठेवण्यासाठी आणलेली वस्तू अशी पाहण्यापासून जपावी लागते आहे.

पण ताबुताला मराठीत आणणारी गोष्ट करबलाची. हिजरी सन ६१, मोहरमची दहावी तारीख; इसवी सन ६८०चा ऑक्टोबर. पैगंबरांचा नातू हुसेन फुरात नदीजवळच्या वाळवंटात, पाणी तोडलेल्या अवस्थेत, मूठभर साथीदारांसह मारला गेला. शीर भाल्यावर चढवून कूफ्याला आणि पुढे दमास्कसला नेलं. धडं तशीच उघड्यावर पडली. परंपरा सांगते की जवळच्या बनू असद टोळीच्या लोकांनी पुढे येऊन ती पुरली. ज्याच्या प्रेताला पेटी मिळाली नाही, खांदा मिळाला नाही, त्याच्यासाठी पुढच्या पिढ्यांनी दर वर्षी पेटी केली आणि खांदा दिला. मोहरमचा ताबूत रिकामा असतो याचं कारण हे असावं असं मला वाटतं. तो राहून गेलेल्या अंत्ययात्रेची भरपाई आहे. मेलेला माणूस त्यात असायची गरजच नाही. नसण्यातच त्याचा अर्थ आहे.

दख्खनमध्ये हा शोक निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही या शिया कल असलेल्या दरबारांच्या आश्रयाने रुजला आणि बघता बघता गावगाड्याचा झाला. पंजे बसले, अलावे पेटले, चोंगे आणि मलिदा झाला. नवसाची पोरं फकीर होऊन हिंदूंच्या दारांतून फिरली, वाघाची सोंगं निघाली. सुताराने मनोरा सांधला, माळ्याने फुलं दिली, पाटलाने मान घेतला. आणि मराठी भाषेने या सगळ्याचं जे केलं ते पाहिलं की हसावं की गप्प राहावं ते कळत नाही. मोहरमात छाती पिटत लोक ‘हाय दोस्त, दुल्हा’ असा टाहो फोडत. लोकपरंपरेत हा दुल्हा म्हणजे कासिम, हळद ओली असताना करबलात पडलेला हुसेनचा पुतण्या. त्या हाकेचा मराठीत ‘हैदोस’ झाला, ‘हैदोसधुल्ला’ झाला. आज पोरं घरात उड्या मारायला लागली की आई ओरडते, काय हैदोस घातलाय! एका कोवळ्या नवरदेवाच्या मरणाचा आक्रोश त्या वाक्यात आहे, आणि ओरडणाऱ्या आईला त्याचा पत्ताही नाही.

ताबुताचंही तसंच झालं. हिंदीत आजही ताबूत म्हणजे शवपेटी. कारगिल युद्धानंतर सैनिकांच्या शवपेट्यांच्या खरेदीवरून वादळ उठलं, तेव्हा हिंदी वर्तमानपत्रांनी ‘ताबूत घोटाला’ असे मथळे दिले. मराठीत तो ‘शवपेटी घोटाळा’ झाला. मराठी उपसंपादकाच्या हाताला ताबूत शब्द आला असता तर तो चुकला नसता. पण तो हाताला आलाच नाही, कारण मराठी कानाला ताबूत हे प्रेताचं नाव वाटत नाही. ताबूत उठतो, नाचतो, भेटतो, थंड होतो. त्याची क्रियापदं सगळी जिवंताची आहेत. स्लाव्हांनी पेटीतलं प्रेत ठेवलं. आपण ते बाहेर काढून ठेवलं आणि पेटी नाचवली.

या स्थित्यंतराची सगळ्यात उंच खूण कडेगावात आहे. बकरी ईद झाली की बांधणीला सुरुवात होते. ताबुतांची नावं घराण्यांची नाहीतर जमातींची: पाटील, देशपांडे, शेटे, बागवान, अत्तार, हकीम, सुतार. नुसती यादी वाचली तरी बारा बलुती आणि दोन धर्म एका दमात येतात. ही परंपरा गावातल्या देशपांडे या ब्राह्मण घराण्याने रुजवली, असं तिथे सांगतात. बांधायची रीतही अशी की आधी कळस, मग पाया: वरचा मजला आधी बांधायचा, तो उचलून खाली दुसरा जोडायचा, असं करत मनोरा वर सरकत जातो. इतक्या उंचीवर चढून काम करायचं नसेल तर हीच युक्ती सोयीची. मानाचा सातभाईंचा ताबूत उठतो, मग इतर ताबूत आपापल्या गल्लीतून निघतात आणि चौकात त्यांच्या गळाभेटी होतात. करबलाची गीतं होतात, एकोप्याचीही. ताबूत उचलताना तोल सांभाळण्यासाठी एका लयीत पाऊल टाकावं लागतं. खालचा माणूस कोणत्या आळीचा आहे हे विचारायला त्या क्षणी कुणाला फुरसत नसते.

कामट्यांचं आणि कागदाचं इतकं मोठं काम करून त्याची परिणती कशात, तर भेटीत. हे शिया शोकविधीत सांगितलेलं नाही. हे खास आपल्याकडचं आहे. इथल्या माणसाच्या मनात खांद्यावर मिरवायच्या पवित्र वस्तूचं एक चित्र आधीपासून होतं, ते पालखीचं. पालखीतही देह नसतो, पादुका असतात. पालख्यांच्याही भेटी होतात, त्यांनाही मान असतो, क्रम असतो. ताबूत आला तेव्हा मराठी मुलखाने त्याला या ओळखीच्या जागी बसवलं. ‘खांदा देणे’ हे क्रियापद आपण तिरडीलाही वापरतो आणि पालखीलाही. ताबूत या दोहोंच्या मधोमध उभा होता. दीडशे-दोनशे वर्षांत तो तिरडीकडून पालखीकडे सरकला. २०२४ साली १७ जुलैला आणि २०२५ साली ६ जुलैला आषाढी एकादशी आणि मोहरमचा दहावा दिवस एकाच तारखेला आले. यात चमत्कार काही नाही. दोन्ही चांद्र तिथ्या. हिंदू पंचांगात अधिक महिना येईपर्यंत त्या दोन-तीन वर्षं हातात हात घालून चालतात, अधिक महिना आला की पुन्हा ताटातूट. पण चंद्रभागेच्या वाळवंटात आणि कडेगावच्या चौकात एकाच दिवशी गर्दी व्हावी, दोन्हीकडे ‘भेट’ हाच शब्द चालावा, हे मला पंचांगातल्या गणितापेक्षा मोठं वाटतं.

मात्र हे आपोआप झालं आणि आपोआप टिकतं, असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पुण्याचं उदाहरण जवळच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पुण्यातल्या मोहरमात हिंदू मोठ्या संख्येने सामील होत; डोले घेत, पैसे देत, मिरवणुकीत नाचत. १८९३च्या मोहरमात प्रभासपाटणला दंगल झाली, मग मुंबई पेटली, आणि १८९४ साली पुण्यातल्या हिंदूंनी मोठ्या प्रमाणावर मोहरमकडे पाठ फिरवली. त्याच सुमारास गणपती सार्वजनिक झाला. मेळे, मिरवणूक, विसर्जन या मांडणीत मोहरमची सावली अनेक इतिहासकारांना दिसते. गणेशोत्सवाने महाराष्ट्राला जे दिलं ते मोठंच आहे. पण एका वर्षात एका शहराने एक शब्द खांद्यावरून उतरवून ठेवला, हेही खरं. ताबूत ‘आपला’ होता तो ‘त्यांचा’ झाला. कडेगावात गणपतीही बसतो आणि ताबूतही उठतो. तिथे ही वजाबाकी झाली नाही.

माझ्या आजीकडे पत्र्याची एक संदूक होती, लग्नात मिळालेली. त्यात इरकली लुगडी, डांबराच्या गोळ्या, चांदीचे दोन वाळे आणि जमिनीचे कागद असत. संदूकही अरबीच. रशियनमध्ये ती ‘सुन्दुक’ आहे, बल्गेरियनमध्ये ‘सान्दक’च्या जवळ जाते, सर्बियनमध्ये ‘सान्दुक’ म्हणजे खोका आणि प्रसंगी शवपेटीदेखील. रशियन लोककथांत मरण न येणाऱ्या कोश्चेईचं मरण एका सुन्दुकात, त्यातल्या सशात, सशातल्या बदकात, बदकातल्या अंड्यात लपवलेलं असतं. आपल्या राक्षसाचा जीव सातासमुद्रापलीकडच्या पोपटात असतो तसं. आजीच्या संदुकीत मरण नव्हतं, तरी ती आम्हाला उघडू देत नसे. मला वाटतं पेटी या वस्तूचा गुणच असा आहे. झाकण लागलं की आत काय आहे याबद्दल मन आपोआप मोठं काहीतरी ठरवतं.

दूरच्या प्रेतयात्रा घरबसल्या दिसण्याच्या या काळात बोस्नियातल्या पोटोचारीच्या दफनभूमीची दृश्यं मी पाहिली. जुलै १९९५मध्ये पूर्व बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात ८,०००हून अधिक मुसलमान पुरुष आणि मुलगे मारले गेले. खड्डे नंतर यंत्रांनी उकरून प्रेतांचे अवशेष दुसऱ्या खड्ड्यांत हलवले गेले, पुरावा नाहीसा व्हावा म्हणून. त्यामुळे एका माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी सापडतात. नातेवाइकांच्या रक्ताशी डीएनए जुळवून ओळख पटवतात. २००३ साली पोटोचारीत पहिल्यांदा ६०० जणांचं दफन झालं, आणि पुढे दर ११ जुलैला त्या वर्षात ओळख पटलेल्यांचं. हिरव्या कापडात गुंडाळलेले सारख्या मापाचे ताबुत रांगेने मांडलेले असतात. मग ते उचलून गर्दीच्या डोक्यांवरून, हातांहातांतून पुढे सरकवतात. काहींत पुरता सांगाडाही नसतो. एखादं हाड असतं. उचलणाऱ्या हातांना ते हलकेपण कळत असणारच.

कडेगावचा ताबूत आत कोणी नसूनही शेकडो माणसांना पेलावा लागतो. पोटोचारीचा ताबुत आत माणूस असूनही दोन हातांनी उचलता येतो. शब्द एक आहे, मिरवायची रीतही जवळजवळ एक आहे. फरक भाषेत नाही, इतिहासात आहे.

मराठीने ताबुतातलं प्रेत विसरून टाकलं, हा आपला उथळपणा आहे, असं मला पूर्वी वाटायचं. उत्सवप्रिय लोक, शोकाचाही हैदोस करणारे. ते मत आता तसं राहिलेलं नाही. शब्दाचा मूळ अर्थ विसरायला फुरसत लागते. शेजारी कापला जाण्याची भीती नसलेली शंभर-दोनशे वर्षं सलग मिळावी लागतात, तेव्हा कुठे शवपेटीचा मनोरा होतो, आणि लोक उंचीवरून भांडू शकतात की यंदा कुणाचा ताबूत दोन हात चढला. ही चैन आहे, आणि ती कुणीतरी मिळवून दिलेली आहे: कामट्या तासणाऱ्यांनी, मान वाटून घेणाऱ्यांनी, दर वर्षी खांद्याला खांदा लावायला येणाऱ्यांनी. बोस्नियन माणसाला ही चैन मिळाली नाही. त्याच्या भाषेत ताबुत तोच जुना अर्थ घट्ट धरून आहे, कारण त्या अर्थाला तिथे काम पडलं.

तेव्हा त्या पाहुण्याने विचारलेला प्रश्न खोटा नाही. आत कोण आहे, हे कडेगावकरांनाही ठाऊक असावं. करबलाची गीतं त्यासाठीच गायची. पण उत्तर ‘कोणी नाही’ हेच राहावं, यासाठी गावाला दर वर्षी राबावं लागतं. कोशात ताबुताचा पहिला अर्थ शवपेटी असाच छापलेला राहो. तो वापरायची पाळी न येणं, एवढीच गावाची कमाई.